चारशे सतरा आणि बत्तीस

"थांबा थांबा... मलाही आत यायचंय!"

तिने कार्ड लावलं होतं, दार उघडलं होतं, एक पाय आतही पडला होता. आवाज ऐकून ती वळली. मागे एक तरुण उभा. दोन्ही हातांत पसरट ट्रे, आणि ट्रेमध्ये ओळीने मांडलेले... दात. पांढऱ्या प्लास्टरचे जबडेच्या जबडे. सगळे तिच्याकडे बघून हसत होते.

"माझ्या मागून येता येणार नाही," ती उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. "एका कार्डावर एकच माणूस. तुमचं कार्ड लावा."

"कार्ड खिशात आहे. आणि हात... बघताय ना?"

"मग ट्रे खाली ठेवा."

"खाली? अहो, यात एका आजीबाईंची अख्खी बत्तिशी आहे. परवा नातीच्या लग्नात त्यांना हसायचंय. ती मी पायपुसण्यावर ठेवू?"

"नियम आहे."

"कुणी केला एवढा कडक नियम?"

"मीच बघते तो."

मग त्याने ट्रे सांभाळत गुडघे वाकवले, भिंतीला जवळजवळ मिठी मारली आणि शर्टाचा खिसा मशीनवर टेकवला. टिंग! हिरवा दिवा लागला. त्याच्या कानाला भिंतीचा चुना लागला होता.

तिला हसू आवरलं नाही.

तो तिच्याकडे बघत राहिला. अगदी नीट. मग म्हणाला, "तुमचा डावा सुळा आधी हसतो. बाकीचे मागून येतात." आणि लिफ्टकडे निघून गेला.

हे कौतुक होतं की खोड काढली? तिला काही कळेना. दुपारपर्यंत तिची जीभ सारखी त्या सुळ्यावरून फिरत होती.

सात मजली इमारत, तीसेक ऑफिसं. तळमजल्यावर दाराशेजारच्या छोट्या खोलीत ती बसे. इमारतीतली सगळी दारं तिच्या कॉम्प्युटरमध्ये होती. कोणाच्या कार्डाने कोणतं दार उघडायचं, किती वाजेपर्यंत उघडायचं, नवा आला की कार्ड द्यायचं, नोकरी सोडली की त्याच मिनिटाला बंद करायचं, हे सगळं ती सॉफ्टवेअरवरून करी. म्हणून सारी इमारत तिला दारवाली म्हणे. तिलाही त्याचं काही वाटत नसे. दाराला कडी-कोयंडा असो की कॉम्प्युटर, राखणारा माणूस लागतोच.

तो चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या प्रयोगशाळेत नवा लागला होता. डॉक्टर मापं पाठवत, हा दात घडवी. साहजिकच तो दातवाला झाला. त्याचं कार्ड चारशे सतरा. तिचं बत्तीस.

"बत्तीस?" तिच्या गळ्यातलं कार्ड बघून दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला होता. "हा तर आमच्या धंद्याचा आकडा! हा नंबर तुम्हाला दिला कुणी?"

"मीच घेतला."

"मग एक दिवस परत मागेन."

त्यानंतर रोजच दाराशी गाठ पडू लागली. आधी तिचं टिंग, मागोमाग त्याचं टिंग. तिची खोली दाराशीच, तरी लिफ्टपर्यंत दहा-बारा पावलं ती बरोबर जाई, तेवढंच बोलणं. "आज कोणाचे दात?" "एका वकिलाचे. वरचे चार. खूप बोलून झिजलेत." किंवा, "तुमच्याकडे आज काय?" "सहाव्या मजल्यावरचे दोघे एकमेकांची कार्डं घेऊन घरी गेले." एवढंच. पण तेवढ्याने सकाळ उजळल्यासारखी होई. का होई, याचा तिने कधी विचार केला नाही.

घरी वहिनी मात्र विचार करत होती. "काय हो वन्संबाई, पूर्वी सव्वाआठला निघायचात, आता आठलाच चपला घालता. उशीर झाला तर बिल्डिंग पळून जाते का?"

"बसला गर्दी असते गं."

"अगंबाई! गर्दी असते तेव्हा माणूस केसांना दोनदा कंगवा लावतो होय?"

आतून दादा ओरडला, "तिला डबा दे आधी, मग उलटतपासणी घे!" ती डबा घेऊन पळाली. आपण खोटं बोललो असं तिला मुळीच वाटलं नाही. गर्दी खरंच असायची.

अशातच इमारतीत नवं सॉफ्टवेअर आलं. जुनं नुसतं दार उघडायचं. नवं लक्षही ठेवायचं. त्यात एक कलम होतं: दोन कार्डं एकाच दाराला पाच सेकंदांच्या आत, एकामागून एक, अशी सलग वीस दिवस लागली तर ती जोडी संशयित. कारण काही लोक मित्राचं कार्ड स्वतःजवळ ठेवतात आणि घरी झोपलेल्या मित्राची हजेरी लावतात. महिन्याने सोमवारी सकाळी पहिली यादी स्क्रीनवर आली. यादीत एकच लाल ओळ होती.

कार्ड ४१७. कार्ड ३२. बावीस दिवस.

ती ओळ तिने तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना साहेब पाठीमागे उभे होते. साहेब म्हणजे इमारतीच्या सुरक्षेचे प्रमुख. साठी उलटलेले, मिशी पिळत बोलणारे.

"हं," साहेब म्हणाले. "याचे दोनच अर्थ. एक, दोन्ही कार्डं एकाच्याच हातात आहेत. ते तर नाही, तू रोज माझ्या डोळ्यांसमोर असतेस."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे, कुणीतरी तुझ्या आडोशाने आत येतंय. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरून दोन लॅपटॉप गेले, आठवतं? तो भामटा रोज रिसेप्शनच्या मुलीशी गप्पा मारत आत शिरायचा. ओळखीच्या माणसाबरोबर हसत येणाऱ्याला कोण अडवतंय?"

"पण साहेब, हा दात बनवतो."

"हत्तीलाही दात असतात, पोरी. खायचे वेगळे, दाखवायचे वेगळे." साहेबांनी मिशीला एक पीळ दिला. "तो तुझ्यासाठी दाराशी टपून थांबतो का, एवढं शोध. शुक्रवारी पाचच्या आत कारण लिही. नाही लिहिलंस तर चारशे सतरा आपोआप बंद होईल."

"आणि माझं?"

"तुझं बंद झालं तर बाकीची उघडणार कोण?"

सॉफ्टवेअरने आपलं काम केलं होतं. दोन्ही कार्डधारकांना मोबाईलवर निरोप गेला होता, तुमच्या कार्डाची चौकशी सुरू आहे. दुपारी दातवाला तिच्या खिडकीशी आला. आज तो हसत नव्हता.

"हे काय आहे?"

तिने सगळं सांगितलं. साहेबांचं हत्तीचं बोलणं तेवढं गाळलं.

"माझे कच्चे सहा महिने या महिनाअखेर संपतायत," तो हळू म्हणाला. "मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, बिल्डिंगकडून एक तक्रार आली की रामराम. कार्ड बंद झालं तर... मला पक्कं करणार नाहीत."

पण खिडकीच्या या बाजूला बसलेल्या माणसाने काम सोडायचं नसतं. तिने कागद पुढे ओढला. "एक विचारायचं आहे. नीट उत्तर द्या. तुम्ही... माझ्यासाठी दाराशी थांबता का?"

तो गडबडला. कान लाल झाले. "थांबत? नाही... नाही थांबत. माझी बस आठ अठ्ठेचाळीसला येते. तिथून दारापर्यंत चार मिनिटं."

"म्हणजे एकदाही नाही?"

"एकदाही नाही. का? थांबायला हवं होतं का?"

"मी चौकशी करतेय!"

"मग चौकशीत लिहा. थांबत नाही."

तिने लिहिलं. एवढं दाबून लिहिलं की पेनाने कागद फाटला. तो गेल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. हेच उत्तर तर हवं होतं... मग राग कशाचा?

नुसत्या शब्दावर भागणार नव्हतं. मंगळवारी ती फाटकातून तडक आत गेली आणि आठ चाळीसलाच खुर्चीत बसली. स्क्रीनवर डोळे लावले. आठ बावन्नला चारशे सतरा आत आलं. बुधवारी तिने मुद्दाम उशीर केला, नऊ वाजून गेल्यावर पोचली. नोंद बघितली. चारशे सतरा, आठ बावन्न.

तो थांबत नव्हता. ती असो, नसो, त्याची बस यायची आणि तो यायचा. माणूस साफ निर्दोष होता.

आता तिला आनंद व्हायला हवा होता. उलट तिने चहा गार होऊ दिला, एकाचं कार्ड दुसऱ्याच्या नावाने छापलं, आणि घरी वहिनीने "आज कंगवा नाही?" म्हटल्यावर ताटावरून उठली. वहिनी तिच्या मागोमाग खोलीत आली.

"काय झालं गं?"

"काही नाही. एक माणूस चोर निघाला नाही."

"मग बरंच झालं की!"

"हो ना..." ती म्हणाली आणि तिला रडू आलं. वहिनीने काही न विचारता पाठीवरून हात फिरवला. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, ती सांगणार काय?

गुरुवारी मात्र एक गोष्ट तिच्या डोक्यात घुसून बसली. तो थांबत नव्हता, मग बावीस दिवस टिंगला टिंग लागलं कसं? एखाद-दोन दिवस योगायोग म्हणता येईल. बावीस दिवस? आतापर्यंत तिने फक्त काचेच्या दाराची नोंद बघितली होती. बाहेरच्या फाटकालाही मशीन होतं. तिने फाटकाची नोंद उघडली आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या.

चारशे सतरा: फाटक आठ पन्नास, दार आठ बावन्न. रोज दोन मिनिटं. फाटकापासून दार शंभर पावलांवर, दोन मिनिटं ठीकच.

बत्तीस: फाटक आठ अडतीस... दार आठ बावन्न.

दुसऱ्या दिवशी फाटक आठ छत्तीस, दार आठ बावन्न. तिसऱ्या दिवशी आठ सदतीस. दार... आठ बावन्न.

शंभर पावलांना चौदा-पंधरा मिनिटं! मशीन बिघडलं असणार. तिने दुसऱ्यांची कार्डं तपासली. सगळ्यांची दीड मिनिट, दोन मिनिटं. मशीन ठणठणीत होतं.

ती उठून बाहेर आली. दारावरच्या पहारेकरी मावशी स्टुलावर बसून पायाचा अंगठा दाबत होत्या.

"मावशी, सकाळी मी फाटकातून आले की काय करते?"

मावशींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तब्येत बरी आहे ना?"

"सांगा ना."

"काय करणार! आधी ती आग विझवायच्या सूचनांची पाटी वाचतेस. रोज. एव्हाना तू अख्खं शहर विझवशील. मग चपलेचा पट्टा काढतेस, परत लावतेस. मग नळावर पाणी पितेस. मग माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस. मला वाटायचं, गुणाची पोर, कोण विचारतं आजकाल म्हातारीचा गुडघा! आणि मी सांगायला तोंड उघडलं की फाटकाकडे टिंग होतं, तुझं लक्ष उडतं, आणि तो जवळ आला की तू दाराकडे चालायला लागतेस. आजवर माझा गुडघा पुरा ऐकलेला नाहीस."

ती तिथेच पायरीवर बसली.

"काखेत कळसा..." मावशी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं, सगळ्यांना ठाऊक आहे. साहेब सोडून. आणि तू सोडून."

"त्यालाही?"

"त्याचं मला काय विचारतेस? तो माझा गुडघा विचारत नाही."

म्हणजे चोर तीच होती. दाराशी टपून बसणारी, दुसऱ्याच्या वेळेवर डोळा ठेवणारी. आणि चौकशी करत होती ती त्याची! आपल्याच पायांनी आपल्याला न विचारता एवढं सगळं केलं, याची तिला लाज वाटावी की गंमत, हे रात्रभर ठरेना. आणि त्याच्या मनात काय? काहीच नसेल. त्याची बस येते, तो येतो. "एकदाही नाही," म्हणालाच होता की.

शुक्रवार उजाडला. चार वाजून गेले. स्क्रीनवर कारणाचा चौकोन उघडा होता. निवडायला चार शब्द होते: योगायोग, यंत्राचा दोष, नियमभंग, इतर.

योगायोग लिहिलं तर साहेबांना पटणार नव्हतं, बावीस दिवसांना कोण योगायोग म्हणेल? यंत्राचा दोष लिहिलं तर कुणी काही विचारलं नसतं. एक इंजिनिअर आला असता, मशीन उघडून परत लावून गेला असता. त्याची नोकरी वाचली असती, तिची लाजही वाचली असती. तिने बोट तिकडे नेलं... आणि थांबवलं. या खुर्चीवर बसून तिने आजवर खोटी नोंद केली नव्हती. खोटं दार राखणाऱ्यानेच केलं, तर त्या दाराचा उपयोग काय? आणि काहीच लिहिलं नाही, तर पाच वाजता चोर सोडून संन्याशाला फाशी.

पाचला सहा मिनिटं कमी असताना तिने 'इतर' निवडलं आणि लिहिलं:

"कार्ड ४१७ चा काही दोष नाही. ते बसच्या वेळेवर येतं आणि सरळ आत जातं. कार्ड ३२ रोज चौदा मिनिटं आवारात रेंगाळतं आणि ४१७ आलं की दाराकडे जातं. यात चोरीचा हेतू नाही. दुसरा हेतू ३२ ला काल दुपारपर्यंत माहीत नव्हता."

बटण दाबलं. लाल ओळ हिरवी झाली. तिने मोठा श्वास सोडला. साहेब वाचतील, फार तर रागावतील, एखाद वेळेस खुर्ची जाईल... जाऊ दे.

मग तिच्या पर्समधला मोबाईल वाजला.

निकालाची प्रत. कार्डधारक ३२ यांना.

तिला मिळाली म्हणजे... सोमवारचा निरोप जसा दोघांना गेला, तसा निकालही दोघांनाच! 'प्रत दोघांनाही' ही खूण सॉफ्टवेअरमध्ये तिनेच महिन्याभरापूर्वी लावली होती. कुणाच्या पाठीमागे चौकशी झाली असं व्हायला नको, म्हणून मोठ्या शहाणपणाने लावली होती. आता पाठवलेलं परत घ्यायचं बटण शोधत ती सगळे कप्पे उघडत सुटली. तसलं बटण नव्हतंच.

चौथ्या मजल्यावर कुणीतरी आत्ता हे वाचत होतं.

पर्स उचलून पळावं की टेबलाखाली बसावं, या विचारात ती असतानाच स्क्रीनवर नवी ओळ उमटली. निकाल मान्य नसेल तर कार्डधारकाला हरकत घेता येते. आजवर कुणी घेतली नव्हती.

"हरकत, कार्ड ४१७ कडून. निकालात लिहिलेलं अर्धंच खरं आहे. आठ अठराला एक बस येते. रिकामी असते, बसायला जागा मिळते. नोकरी लागली तेव्हा मी तीच धरायचो. एक दिवस ती चुकली, हातात ट्रे होता, आणि दारात मला कुणीतरी अडवलं. त्या दिवसापासून मी ती बस सोडतो आणि पुढच्या बसला लोंबकळत येतो. दाराशी थांबत नाही म्हणालो ते खरं. थांब्यावर थांबतो. ते कुणी विचारलं नाही."

ती वाचत होती आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. बाहेर खाकरल्याचा आवाज आला. साहेब दारात उभे. त्यांच्याही हातात मोबाईल होता, कारण प्रत त्यांनाही जात होती.

"मी चाळीस वर्षं पहारा केला," साहेब म्हणाले. "न केलेला गुन्हा नाकारणारे पाहिले, केलेला नाकारणारे तर रोजच पाहिले. पण आरोपी हरकत घेऊन वर आणखी गुन्हा कबूल करतो? आता मी बंद करू तरी कोणाचं कार्ड?"

"माझं करा, साहेब."

"गप्प बस." त्यांनी मिशीला हात नेला, पण पीळ द्यायचं विसरले. "दातांच्या मालकाला मी सांगतो, तक्रार नाही म्हणून. पण यादीत परत लाल ओळ नको मला. सोमवारपासून एकाने आत जायचं, दार पुरतं लागू द्यायचं, मग दुसऱ्याने कार्ड लावायचं. समजलं?"

"हो साहेब."

"आणि त्या मावशीचा गुडघा एकदा पुरा ऐकून घे. मला ऐकवून जीव खाल्लाय तिने."

शनिवार-रविवार कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. हरकत तिने इतक्यांदा वाचली की पाठ झाली. तरी दर वेळी शंका यायची. बस सोडतो म्हणजे... तेच ना? की नुसता चांगला माणूस आहे, तिची लाज झाकावी म्हणून लिहिलं? वहिनीला मोबाईल दाखवला. वहिनी वाचून म्हणाली, "बसायची जागा सोडतो हा माणूस? अगं, तुझा दादा माझ्यासाठी अजून खिडकीची सीट सोडत नाही."

सोमवारी ती दाराशी पोचली तेव्हा तो आधीच आला होता. हात रिकामे, केस नीट विंचरलेले. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत काचेकडे बघू लागली, तर काचेत दोघंच दिसली.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"आज रिकाम्या बसने आलात?"

"हो. आज घाई होती."

तिने कार्ड लावलं, आत गेली आणि वळली. दार हळूहळू येऊन लागलं. आता मध्ये जाड काच. बाहेरच्या बाजूने तो काहीतरी बोलला. ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. तिने कानाला हात लावला. तो परत बोलला, या वेळी हातवारे करून. एकदा स्वतःकडे बोट, एकदा तिच्याकडे, मग लांब कुठेतरी. मावशी स्टुलावरून वाकून बघू लागल्या. त्याचे कान लाल होत चालले होते. तिला एक अक्षर कळलं नाही.

तिने मान हलवली. हो.

तो बघतच राहिला. मग घाईघाईने कार्ड लावून आत आला. "हो? खरंच हो?"

"हो म्हटलं ना."

"पण मी विचारलं काय ते कळलं का?"

"नाही."

"अहो, मग हो कसं म्हणालात?"

"तू विचारलंस म्हणून," ती म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं. "आता चौथ्या मजल्यापर्यंत सांग, मी कशाला हो म्हटलंय."